मुका मार

तो केसपेपर मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. अक्षर माझंच. तारीख, वजन, बी.पी. आणि खाली चार शब्द : ‘सीटी नॉर्मल. काळजी नको.’ त्याखाली पॅरासिटामॉल आणि उलटीची गोळी. पुन्हा कधी यायचं ते लिहिलेलं नाही. शाळेचं नाही, खेळाचंही नाही. नववीतलं पोर, कबड्डीत चढाई करणारं, आणि जिल्ह्याचे सामने दहा दिवसांवर. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्याच्या वडिलांनी आत आल्याआल्या पहिल्यांदा तेच सांगितलं होतं.

माझा दवाखाना लातूरपासून तासाभराच्या अंतरावर, तालुक्याच्या गावात. मी साधी एमबीबीएस. ताप, जुलाब, शुगर, बी.पी., विंचू, सुगीत बोटावर आलेला विळा, सगळंच बघते. डोक्याचा मार म्हणाल तर तोही नेहमीचाच. एका मोटारसायकलवरून पडलेले तिघं, लिंबाच्या झाडावरून पडलेलं पोर, बैलानं ढुशी दिलेला गडी. अशा पेशंटबद्दल कॉलेजात जे शिकवलं ते एका वाक्यात मावतं : मेंदूत रक्तस्राव आहे का ते शोधा. शुद्ध कशी आहे, बाहुल्या सारख्या आहेत का, उलट्या किती, कानानाकातून रक्त किंवा पाणी, झटका. शंका आली की सीटी स्कॅन. सीटी साफ आला की विषय संपला. कन्कशन, म्हणजे धक्क्यानं मेंदूचं काम काही काळ बिघडणं, हा शब्द पुस्तकात होता, पण परीक्षेला न येणाऱ्या कोपऱ्यात.

त्या पोराचं झालं असं. सरावात चढाईला गेला, तिघांनी पकड केली, पडताना एकाचा गुडघा कानशिलावर बसला. बेशुद्ध झाला नाही. उठला, आणि परत येताना आपल्या अंगणात यायचं सोडून समोरच्यांच्याच बाजूला जाऊन उभा राहिला. सगळे हसले. त्यानं आणखी दोन चढाया केल्या. संध्याकाळी दोनदा उलटी झाली म्हणून वडील घेऊन आले. मी तपासलं, लातूरला सीटीला पाठवलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन ते आले आणि मी वर सांगितलेले चार शब्द लिहिले.

चुकीच्या अंगणात उभं राहणं हीच त्या दिवसाची सगळ्यात मोठी खूण होती. ती मला वडिलांनी सांगितलीही होती, हसत हसत. मीही हसले होते.

पाचव्या दिवशी तो सरावाला गेला. सहाव्या दिवशी कुणाचं तरी कोपर लागलं, ते फार जोरात नव्हतं. नवव्या दिवशी आई घेऊन आली. पोरानं डोळ्यांवर टॉवेल धरला होता.

“मॅडम, लेकरू येड्यावानी करायलंय. पुस्तक उघडलं की रडायलंय. डोकं दुखायलंय म्हणतंय, रात्री झोप नाही. सीटी तर नीट हाय म्हणलात की तुमी.”

लातूरच्या एका न्यूरोसर्जनना फोन लावला. पहिला सीटी त्यांनीच बघितला होता. कॉलेजात ते मला सीनियर होते, म्हणून लाज न बाळगता सगळं सांगितलं. सीटी पुन्हा करू का, असं विचारलं. ते म्हणाले, “तू पाठव, मी बघतो. पण एक सांगतो. सीटी नॉर्मल म्हणजे आत रक्त नाही, एवढंच मी म्हणालो होतो. मेंदू नॉर्मल आहे असं म्हणालो नव्हतो.” दुसऱ्यांदा बघितलं तेव्हाही रक्तस्राव नव्हता. पोराला नीट व्हायला जवळजवळ सात आठवडे लागले. जिल्ह्याचे सामने गेले, सहामाही परीक्षा गेली.

त्याच सुमारास कॅनडातल्या रोवन स्ट्रिंगरबद्दल वाचलं. ओटावाजवळची सतरा वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी. आठवड्याभरात डोक्याला पुन्हापुन्हा मार लागला, ती खेळत राहिली, आणि २०१३ च्या मे महिन्यात गेली. तिच्या नावानं ओंटारिओ प्रांतात २०१८ साली कायदा झाला. आधीचा मार भरून आलेला नसताना वर दुसरा बसला, तर क्वचित का होईना, कोवळ्या वयाचा मेंदू झपाट्यानं सुजतो आणि मग हातात काही राहत नाही. वाचून झाल्यावर मी दवाखान्याचं शटर अर्धं ओढून बराच वेळ बसून होते. आमच्या पोराचं कोपर हळू लागलं म्हणून निभावलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

खरी गंमत पुढे आहे, म्हणजे गंमत म्हणायची ती आता. घाबरलेला डॉक्टर दुसऱ्या टोकाला जातो. मी गेले.

दोन महिन्यांनी एक मुलगी आली. सतरा वर्षांची, लातूरला ‘नीट’ परीक्षेचा दुसरा प्रयत्न. खोली करून राहणारी. आमच्याकडच्या वाचकाला याचा अर्थ सांगायला नको : पहाटे साडेपाचला उठणं, तीन क्लास, दर रविवारी टेस्ट, डबा, आणि भिंतीवर चिकटवलेले फॉर्म्युले. स्कूटी घसरून पडली, डोकं दुभाजकाला लागलं. सीटी नॉर्मल. गावी आली तेव्हा डोकं दुखत होतं आणि उजेड सहन होत नव्हता. मी तोवर एका जुन्या पुस्तकातलं प्रकरण वाचलं होतं. त्यात ‘लक्षणं पूर्ण जाईपर्यंत शरीराला आणि बुद्धीला विश्रांती’ असं होतं. मी अक्षरशः तसंच केलं. पडदे बंद, मोबाईल बंद, पुस्तक बंद, मैत्रिणींशी बोलणं बंद. ‘लक्षणं जाईपर्यंत.’

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा आधीपेक्षा वाईट होती. दिवसा झोप, रात्री जाग, डोकं तसंच, आणि एकच वाक्य : “माझं वर्ष गेलं.” आईनं दृष्ट काढून झाली होती, डोक्यात तेल जिरवून झालं होतं. सोबत आलेल्या आजीला मी फक्त एवढंच विचारलं, की पोरीला आधी कधी डोक्याला मार लागला होता का. आजीनं स्वतःचंच सांगितलं : “मला लागला होता की बाई, भूकंपात. तवापासून हे डोकं असंच.” किल्लारीचा भूकंप १९९३ सालचा. तीस वर्षं त्या बाईला कुणी त्याबद्दल विचारलं नसावं.

त्या रात्री मी जुनं प्रकरण बाजूला ठेवलं आणि नवं शोधलं. खेळातल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ दर काही वर्षांनी जमतात. पहिली परिषद व्हिएन्नात २००१ साली झाली, सहावी अ‍ॅमस्टरडॅमला ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि तिचं निवेदन २०२३ मध्ये छापून आलं. त्यात सरळ लिहिलं आहे : पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली साधी हालचाल चालू ठेवायची, आणि त्यानंतर हळूहळू वाढवत न्यायचं. अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये अकरा ते बावीस वर्षांच्या पोरांवर अभ्यास झाला होता. एका गटाला एक-दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला पाच दिवस कडक विश्रांती. कडक विश्रांतीवाल्यांनी लक्षणं जास्त सांगितली. पाच दिवसांत ही तऱ्हा, मी त्या पोरीला एकवीस दिवस बसवलं होतं.

मोबाईलचं मात्र थोडं वेगळं निघालं. २०२१ सालच्या एका अभ्यासात पहिले दोन दिवस स्क्रीन बंद ठेवणाऱ्यांतल्या निम्म्यांची लक्षणं साडेतीन दिवसांत गेली, स्क्रीन चालू ठेवणाऱ्यांतल्या निम्म्यांची आठ दिवसांत. म्हणजे दोन दिवस बंद ठेवायचा, तीन आठवडे नाही. आई-बापांना हे पटत नाही. त्यांना मोबाईल कायमचाच बंद करून हवा असतो, आणि डॉक्टरच्या तोंडून ते निघालं तर फारच बरं.

सगळ्यात जास्त चकित केलं ते बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी यांच्या २०१९ सालच्या कामानं. कन्कशननंतर पहिल्या दहा दिवसांतल्या पोरांना त्यांनी रोज वीसेक मिनिटं हलका, लक्षणं वाढू न देणारा व्यायाम करायला लावला. दुसऱ्या गटाला नुसतं अंग ताणायचे प्रकार. पहिला गट साधारण तेरा दिवसांत बरा झाला, दुसरा सतरा. मी त्या पोरीला गच्चीवरही जाऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं आणि माफी मागितली. डॉक्टरनं माफी मागितली की पेशंटचे घरचे आधी घाबरतात. आता आणखी काय निघालं, असं त्यांना वाटतं. मग ठरवलं : सकाळी ऊन चढायच्या आत पंधरा मिनिटं चालणं, दुपारची झोप अर्ध्या तासावर, अभ्यास वीस मिनिटं आणि दहा मिनिटं थांबणं. डोकं थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. त्याचं माप अ‍ॅमस्टरडॅमच्या कागदातच आहे : दहापैकी दोन अंकांपेक्षा जास्त वाढू नये, आणि वाढलेलं तासाभरात उतरावं. हे माप मला फार आवडलं. कारण ‘त्रास झाला तर थांबा’ असं मोघम सांगितलं की अभ्यासू पोरं थांबतच नाहीत आणि भित्री पोरं सुरूच करत नाहीत. तिला आकडे समजत होते. वहीत रोज लिहायला लागली. दोन आठवड्यांनी ती लातूरला परत गेली, पहिले काही दिवस एकाच क्लासला आणि रविवारच्या टेस्टशिवाय. क्लासवाल्यांना मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली की नाही, कोण जाणे.

यातून एक कळलं. एकटीनं रात्री वाचून हे होणार नाही. मी वाचलं तर माझे पेशंट सुधारतील, पण तालुक्यात डोक्याचा मार पहिल्यांदा बघतात ते बीएएमएस डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातला मेडिकल ऑफिसर, उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी (सीएचओ), आणि खरं तर त्याही आधी शाळेतले पीटीचे सर. डॉ. संजीव अरोरा यांनी न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट एकोबद्दल ऐकून होते. हेपटायटिस सीचे पेशंट शेकडो मैल प्रवास करून त्यांच्याकडं यायचे. त्यांनी पेशंट बोलावण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर बसवून खऱ्या केसवर चर्चा सुरू केली. ओंटारिओत कन्कशनसाठीही ही पद्धत वापरली गेली आहे. आम्ही काही अधिकृत केंद्र बिंद्र उभारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला आणि गुरुवारी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल. सात जण आणि लातूरचे ते सर. नियम दोनच : केस स्वतःची आणायची, आणि त्यात आपलं काय चुकलं ते आधी सांगायचं. दुसरा नियम माझा. पहिल्या गुरुवारी खणातला तो केसपेपर मीच कॅमेऱ्यासमोर धरला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आरोग्य केंद्रातला मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही निदान चार शब्द तरी लिहिले.”

पहिले तीन गुरुवार सीटीवरच गेले. आमच्याकडं सीटी दोन कारणांनी होतो : भीतीनं, आणि नातेवाईक मागतात म्हणून. न करण्यामागं कारण द्यायला आधार लागतो. तो पेकार्न या संशोधन-जाळ्याच्या नियमात सापडला. उत्तर अमेरिकेतल्या पंचवीस तातडीच्या विभागांतली ४२ हजारांहून अधिक मुलं बघून २००९ साली तो मांडला गेला. दोन वर्षांपुढच्या मुलात शुद्ध नीट असेल, बेशुद्ध झालं नसेल, उलटी नसेल, मार फार जबर पद्धतीनं लागलेला नसेल, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरच्या खुणा नसतील आणि डोकं फार दुखत नसेल, तर गंभीर इजा असण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. शुद्ध नीट असेल, कवटीच्या फ्रॅक्चरची खूण नसेल, बाकीच्यांपैकी एकच गोष्ट असेल आणि पोर बरं दिसत असेल, तर चार-सहा तास नजरेखाली ठेवणं हाही रास्त पर्याय आहे. माझ्या कबड्डीवाल्याला मी आज दवाखान्यातच बसवून ठेवलं असतं. लातूरची फेरी, तीन-चार हजारांचा खर्च आणि किरणांचा डोस कदाचित वाचला असता. कदाचित. सर म्हणाले, “शंका असेल तर पाठवा, मी हसणार नाही. पण सीटीला पाठवून आपलं काम झालं असं समजू नका.”

मग औषधांवर आलो आणि तिथं वाद झाला. आमच्याकडं डोक्याला मार लागला की एक डेक्साची, म्हणजे स्टिरॉइडची, सुई आणि वर मेंदूच्या टॉनिकची महिनाभराची पट्टी, ही जवळजवळ रीत आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर तीस वर्षं हेच करत आलेले. २००४ सालच्या ‘क्रॅश’ नावाच्या औषध-चाचणीत डोक्याला मार लागलेल्या दहा हजार मोठ्या माणसांमध्ये स्टिरॉइड दिलेल्यांचे मृत्यू जास्त झाले, हे सरांनी सांगितलं. ते पेशंट आमच्यापेक्षा गंभीर होते, पण फायद्याची बाजू कुठं दिसलीच नाही. मेंदूच्या टॉनिकमधल्या सिटिकोलिनचं तसंच : २०१२ साली निकाल लागलेल्या मोठ्या चाचणीत बनावट गोळीपेक्षा उपयोग नाही. ज्येष्ठ डॉक्टर गप्प राहिले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले आणि म्हणाले, “सुई बंद केली. पण पेशंट म्हणतो, सुई न्हाई दिली तर फी कशाची? त्याचं उत्तर तुमच्या त्या कागदात हाय का?”

नव्हतं. ग्रामीण दवाखान्यात सल्ल्याला किंमत नाही, सुईला आहे. म्हणून आम्ही कागद काढला. मराठीत, मोठ्या अक्षरात, एक पान पाठपोट. वर पोराचं नाव, मार लागल्याची तारीख आणि पुन्हा यायची तारीख. ती तारीख डॉक्टरनं हातानं लिहायची आणि कंपाउंडरनं आदल्या दिवशी फोन करायचा. एका बाजूला धोक्याच्या खुणा : उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढत चालली, पोर उठवूनही नीट उठत नाही, झटका, बोलणं अडखळतं, हातापायात ताकद कमी, मान दुखते. यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन. दुसऱ्या बाजूला घरी काय करायचं. ‘झोपू देऊ नका’ हा समज खोडायला एक ओळ वेगळी दिली आहे, कारण डोक्याला मार लागलेल्या पोराला रात्रभर चिमटे काढून जागं ठेवणारे आजोबा मी स्वतः पाहिले आहेत. तपासून झाल्यावर झोपू द्यावं. झोप हवीच असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लक्षणांची यादी मराठीत आणायला. स्कॅट नावाचं तपासणीचं साधन आहे. तेरा वर्षांपुढच्यांसाठी एक, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं. मोठ्यांच्या साधनात बावीस लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. ते पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात उपयोगी. दवाखान्यात नंतर तपासायला स्कोट हे त्याचं भावंड आहे. इंग्रजीतलं एक लक्षण ‘धुक्यात असल्यासारखं वाटणं’. हे आमच्या पोरांना विचारलं की ती खिडकीबाहेर बघतात. लातूरकडं धुकं किती दिवस पडतं? शेवटी एका आईनं आपण होऊन शब्द दिला : “त्याला काई सुधरंना झालंय.” तोच घेतला. ‘काही सुधरत नाही का?’ असं विचारलं की पोरं लगेच मान हलवतात. ‘डोक्यात दाब’ याला ‘डोकं जड पडलंय का’. ‘नेहमीपेक्षा भावनाशील’ याला ‘उगंच रडू येतंय का, उगंच राग येतोय का’.

महिने उलटे म्हणायला सांगायची चाचणी आहे. ती आम्ही आधी धडधाकट पोरांवर करून बघितली, सुरुवात कंपाउंडरच्या दोघांपासून. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, आणि गाडी तिथंच बंद. एकानं विचारलं, “मराठी म्हैने म्हणू का?” चैत्र-वैशाख त्याला सुलटेही येत नव्हते. लहानांच्या साधनात आठवड्याचे वार उलटे आहेत, ते सगळ्यांना जमतं. तेव्हा मोठ्यांनाही आम्ही आधी वार विचारतो. हा आमचा घरगुती बदल आहे, त्याला शास्त्राचा शिक्का नाही, म्हणून त्याचे गुण धरत नाही. नुसतं ऐकतो, पोर किती वेळ घेतंय ते. रेषेवर टाच-अंगठा लावून चालणं, मान न हलवता डोळ्यांनी बोट बघणं, मान तपासणं, उभं केल्यावर नाडी आणि बी.पी. मोजणं, याला मात्र भाषा लागत नाही.

पोराला आणि घरच्यांना समजावून सांगायला सगळ्यात उपयोगी पडला तो आपलाच जुना शब्द : मुका मार. “मांडीला मुका मार लागला तर एक्स-रेत दिसतो का?” “नाही.” “मग लंगडतोस का?” “हो.” “मेंदूलाही तसाच मुका मार लागलाय. फोटोत दिसत नाही, पण तो लंगडतोय.” यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. आत खरं काय होतं तेही याच्या जवळचंच आहे. धक्क्यानं पेशींतल्या क्षारांची अदलाबदल होते, ती पूर्ववत करायला पेशींचे पंप जोरात चालतात, त्यांना ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असतो. शेतकऱ्याला मी सांगते : मोटर चालू आहे, बोअरला पाणी कमी आलंय. बंद करायची नाही, पण सगळं शिवार एकदम भिजवायलाही जायचं नाही.

किती दिवस लागतील, हे मात्र प्रत्येकजण विचारतो. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. पण कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांतल्या तीन हजार मुलांच्या अभ्यासात, २०१६ साली, जवळजवळ तीस टक्क्यांची, म्हणजे दहातल्या तिघांची, लक्षणं चार आठवड्यांनंतरही होती. मुली, तेरा वर्षांपुढची मुलं, अर्धशिशीचा त्रास असलेली, आधीच्या कन्कशनला आठवड्याहून जास्त घेतलेली, प्रश्नाला हळू उत्तर देणारी : यांना जास्त वेळ लागू शकतो. हे वाचल्यावर मला ती नीटवाली आठवली. यातल्या तीन गोष्टी तिच्यात होत्या, मी एकही विचारली नव्हती.

शाळा हा वेगळाच अध्याय. खेळाआधी शाळा, हा क्रम पाळायचा असतो : शाळा पूर्ण झेपू लागल्याशिवाय मैदान नाही. मुख्याध्यापकांना चिठ्ठी पाठवायला सुरुवात केली : पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंत, बसायला खिडकीपासून लांब, एका दिवशी दोन चाचण्या नकोत. झेडपीच्या शाळांनी फार सहज ऐकलं. एका मोठ्या इंग्रजी शाळेनं मेडिकल सर्टिफिकेट, आधार कार्ड आणि पालकांचा अर्ज मागितला.

पीटीच्या सरांकडं मी स्वतः गेले. मनात धाकधूक होती. त्यांच्या खेळाडूला एकदा आठवडाभरात मैदानात सोडणारी डॉक्टर मीच. मी कन्कशन म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “जडेजाचं झालं होतं तेच ना? हेल्मेटवर बॉल बसला आणि चहल आला होता बदली.” कॅनबेरा, डिसेंबर २०२०. चहलनं तीन विकेट काढल्या आणि सामनावीर ठरला, हेही सरांना पाठ. आयसीसीनं बदली खेळाडूचा हा नियम २०१९ मध्ये आणला. जे मी महिनाभर वाचून शिकले त्यातलं निम्मं सरांना क्रिकेटमुळं आधीच ठाऊक होतं. फक्त ते कबड्डीलाही लागू आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून मैदानावर परतायच्या सहा पायऱ्या कबड्डीच्या भाषेत बसवल्या. चालणं. मग हलकं धावणं. मग एकट्यानं पदन्यास आणि चढाईचा सराव, समोर कुणी नाही. मग संघासोबत, पण पकड नाही. इथं डॉक्टरकडं यायचं. तपासून होकार मिळाला तरच पकडीसकट सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. चौथ्या पायरीवर सरांनी एक चांगला मुद्दा काढला : “मॅडम, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम धरायचा का ह्यात? दम कोंडला की डोकं दुखतं म्हणतात पोरं.” हे कुठल्याच परदेशी कागदात नव्हतं. दम आम्ही चौथ्या पायरीवर ठेवला.

आता फीचं. ज्येष्ठ डॉक्टरांनीच शेवटी तोड काढली. कागद फुकट द्यायचा नाही, असं म्हणाले. तपासायला वीस मिनिटं जातात, ती फी, आणि पुन्हा तपासायला यायचे पैसे नाहीत. कागदावर शिक्का मारायचा, गोल, निळा. शिक्का बसला की कागदाला वजन येतं. लोक तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतात, हे मी पाहिलं आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बरेचजण दुसऱ्या तपासणीला येत नाहीत. फोन केला तर “बरं हाय की आता, ऊस तोडायला गेलोत” असं उत्तर येतं, आणि पोर सोबतच गेलेलं असतं, कर्नाटकात कुठल्यातरी फडावर. त्याला आम्ही कुठली पायरी सांगणार? लहान मुलांचं, पाचाखालच्यांचं, अजून नीट बसवता आलेलं नाही. ती लक्षणं सांगत नाहीत. आईला ‘नेहमीसारखं खेळतंय का, खातंय का’ एवढंच विचारतो.

सध्या माझ्यासमोर एक सतरा वर्षांचा पैलवान आहे. तालमीत दीड वर्षात तिसऱ्यांदा डोक्याला मार. पहिल्यांदा चार दिवसांत बरा, दुसऱ्यांदा तीन आठवडे, या खेपेला सहावा आठवडा चालू आहे आणि अजून सकाळी डोकं जड. वडील विचारतात, कुस्ती सोडायची का. किती मारानंतर थांबावं याचा ठरावीक आकडा अ‍ॅमस्टरडॅमच्या कागदात नाही. प्रत्येक खेपेला कमी जोराचा मार पुरतोय का आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतायत का, ते बघून, पोराला सोबत घेऊन ठरवा, असं आहे. पोराला विचारलं तर तो पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणतो, “वस्ताद सांगतील तसं.”

म्हणून या गुरुवारी हीच केस घेतली आहे. वस्तादांना निरोप धाडला होता, व्हिडिओ कॉलची लिंक पाठवते म्हणून. त्यांनी उलटा निरोप पाठवला : लिंक बिंक नको, मी दवाखान्यात येतो, नवाला. खुर्ची मोठी ठेवा.